जामीनदार : भूकंप परिषदा, प्रवास अनुदान आणि दुसरं कर्ज



सरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिलो की मला एक छापील अर्ज आठवतो. २००४ सालचा जून महिना होता. ऑगस्टमध्ये कॅनडात व्हँकूवरला तेरावी जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषद भरणार होती. किल्लारीच्या दगड-मातीच्या भिंतींवरचा माझा निबंध तिथे स्वीकारला गेला होता आणि एका संस्थेचं प्रवास अनुदानही मंजूर झालं होतं. मंजुरीच्या पत्रात शेवटची ओळ अशी होती : तिकीट आणि नोंदणीचा खर्च अर्जदाराने आधी करावा, परतल्यावर पावत्यांसह देयक सादर करावं. एवढी रक्कम माझ्याजवळ नव्हती. मुलं शिकत होती, आईचं औषधपाणी चालू होतं. मी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरला. एक जामीनदार मिळाला, दुसरा मिळेना. कुणीतरी हे सरांच्या कानावर घातलं. त्याच संध्याकाळी सर पतसंस्थेत आले, अर्ज नीट वाचला, सही केली आणि म्हणाले, "हे कर्ज तू फेडशीलच. दुसरंही एक कर्ज आहे, ते विसरू नकोस."

ते दुसरं कर्ज कोणतं, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. परिषदेला जायला मिळणारं अनुदान हा वरवर पाहता कार्यालयीन विषय आहे. फाईल, मंजुरी, देयक, पावत्या. पण भूकंपाच्या बाबतीत हा जीवनमरणाचा विषय आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. का, ते सांगायला किल्लारीपासूनच सुरुवात करावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं काही सेकंदांत बसली. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. मग इतकी माणसं का गेली? तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला एका अर्धवट उभ्या भिंतीसमोर नेलं आणि तिच्या तुटलेल्या कडेकडे बोट दाखवलं. भिंत अडीच-तीन फूट जाडीची. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये लहान दगड आणि मातीची भर. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेच नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर टाकलेली कित्येक वर्षांची माती. हादरा बसताच दोन्ही थर वेगळे झाले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडला. वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

थोड्या थोड्या अंतरावर एक आरपार दगड, कोपऱ्यांत सांधा, दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरणारा एक पट्टा. इतकं असतं तर त्यातली पुष्कळ माणसं वाचली असती. हे ज्ञान तेव्हा जगात होतं. आपल्या देशातही होतं. रूरकीच्या प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेली, अभियंत्याविना बांधल्या जाणाऱ्या घरांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ सालीच प्रसिद्ध झाली होती. ज्ञान रूरकीत होतं, टोकियोत होतं, परिषदांच्या जाडजूड खंडांत होतं. किल्लारीच्या गवंड्याच्या हातात ते पोचलं नव्हतं. ही मधली वाट कोण चालतं आणि त्या वाटेचं भाडं कोण भरतं, हा माझा आजचा प्रश्न आहे.

जागतिक परिषदांची सुरुवात १९५६ साली झाली. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाला पन्नास वर्षं झाली म्हणून कॅलिफोर्नियात बर्कलीला जगभरचे अभियंते जमले. पुढची परिषद १९६० साली जपानमध्ये टोकियो-क्योतोला झाली. १९६३ साली आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघ स्थापन झाला आणि साधारण दर चार वर्षांनी परिषद भरवण्याचा प्रघात पडला. न्यूझीलंड, चिली, रोम असं करत सहावी परिषद जानेवारी १९७७ मध्ये नवी दिल्लीत भरली. पुढे इस्तंबूल, माद्रिद, अकापुल्को, बीजिंग, लिस्बन, आणि २०२४ साली मिलान.

आपल्या देशाचं या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे प्रा. जयकृष्ण. रूरकीला १९५९ साली भूकंप अभियांत्रिकीवर चर्चासत्र झालं, १९६० साली तिथे या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, १९६२ साली भारतीय भूकंप तंत्रज्ञान सोसायटी निघाली आणि त्याच वर्षी भूकंपरोधक रचनेची पहिली भारतीय मानक संहिता आली. या साऱ्या उभारणीत जयकृष्णांचा हात होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रा. हाउसनर आणि प्रा. हडसन यांच्याशी जुळलेला स्नेह त्या कामी आला. १९७७ साली जयकृष्ण आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष झाले. एका माणसाच्या प्रवासातून आणि ओळखींतून देशात एक विद्याशाखा रुजते, ती अशी.

आता आपल्या सह्याद्रीकडे या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला माथ्याकडच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचं बल गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरलेलं होतं. धरणातल्या उपकरणाने नोंदवलेला सर्वाधिक धक्का ०.६३ पट होता. धरण टिकलं, पुढे मागच्या बाजूने भक्कम टेकू देऊन मजबूत केलं गेलं. आणि तो आलेख जगभर गेला. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून बर्कलीला गेलेल्या अनिल चोप्रा यांनी कोयनेच्या तड्यांचा उलगडा करणारा अभ्यास १९७३ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. आजही जगात कुठेही काँक्रीटच्या धरणाचं भूकंपातलं वर्तन संगणकावर तपासायचं असलं, की पद्धत बरोबर आहे का हे पाहण्यासाठी कोयनेचं उदाहरण सोडवतात. आपल्या पाटण तालुक्यातल्या त्या पहाटेने जगाच्या धरणशास्त्राला एक धडा दिला.

पण श्रोतेहो, मला इथे एक गोष्ट टोचते. कोयनेचा आलेख जगभर फिरला. कोयनेच्या परिसरातल्या पडलेल्या घरांचा अनुभव ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, ढिगारे उपसले, पुन्हा घरं बांधली, ते शाखा अभियंते, मिस्त्री, गवंडी कुठल्या परिषदेला गेले? उपकरणाची नोंद टपालाने जाते. माणसाला तिकीट लागतं.

"आता सगळे निबंध फुकट वाचायला मिळतात, मग जायचं कशाला?" असा प्रश्न मला तरुण विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आयआयटी कानपूरच्या राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राने जुन्या जागतिक परिषदांचे हजारो निबंध संकेतस्थळावर सर्वांना खुले केले आहेत. हे फार मोठं काम आहे, आणि ज्याला जाणं शक्य नाही त्याने ते जरूर वाचावेत. पण निबंधात माणूस आपलं यश लिहितो. फसलेला प्रयोग, गवंड्याने नाकारलेली सूचना, स्थानिक विटेचा अंदाज चुकल्याची हकीकत हे सगळं तो जेवणाच्या रांगेत सांगतो. मी व्हँकूवरला हे अनुभवलं.

माझा निबंध भित्तिपत्रकाच्या रूपात होता. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. मग पेरूचे एक वयस्क अभियंते येऊन उभे राहिले. त्यांच्या देशात कच्च्या विटांची घरं आहेत. लिमाच्या कॅथलिक विद्यापीठात १९७० च्या दशकापासून अशी घरं कंपन-मंचावर हलवून, कधी वेताच्या काड्यांनी तर पुढे प्लॅस्टिकच्या जाळीने बांधून त्यांचं वर्तन तपासत आले आहेत. त्या गृहस्थांनी माझ्या भिंतीचा छेद बराच वेळ पाहिला. माती कोणती, पाणी किती घालतात, दगड घडवतात की तसेच लावतात, असं एकेक विचारत गेले. शेवटी म्हणाले, "ही भिंत ज्याने बांधली, तो हे वाचू शकेल का?" माझा निबंध इंग्रजीत होता. मी नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "आमचीही हीच अडचण होती. म्हणून आम्ही घराची छोटी प्रतिकृती गावात नेतो आणि लोकांसमोर हलवून दाखवतो."

त्या क्षणी मला सरांच्या दुसऱ्या कर्जाचा अर्थ कळला : जे शिकलो, ते भिंत बांधणाऱ्याच्या हातापर्यंत पोचवणं. परतल्यावर कॉलेजच्या कार्यशाळेत सुताराकडून एक चाकांचा पाट करून घेतला. त्यावर मातीची दोन छोटी घरं बांधली, एक साधं, एक पट्ट्याचं. रविवारी सकाळी बांधकामांवर, बाजाराच्या गावी, गवंड्यांना बोलावून पाट हलवू लागलो. साधं घर ढासळायचं, पट्ट्याचं उभं राहायचं. व्याख्यानाने जे साधलं नव्हतं, ते त्या पाटाने साधलं. सर स्वतः दोनदा आले आणि गवंड्यांच्या शेजारी उकिडवे बसले.

अशी देवाणघेवाण किती दूरवर पोचते, याची मोठी उदाहरणं आहेत. २०१० सालचे दोन भूकंप पाहा. जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, लाखाहून अधिक माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा, म्हणजे ऊर्जेच्या मानाने कित्येक शे पट मोठा भूकंप झाला. तिथे सुमारे सव्वापाचशे माणसं गेली. हैतीचा भूकंप राजधानीच्या अगदी जवळ आणि उथळ होता, हे खरं. पण मोठा फरक बांधकामाचा होता. चिलीने आपल्या भूकंपांपासून पिढ्यान् पिढ्या धडे घेतले, संहिता सुधारल्या आणि त्या पाळल्या. चिलीत साध्या घरांसाठी बंदिस्त वीटकामाची रीत रूढ आहे. आपल्याकडे आधी काँक्रीटचा सांगाडा उभा करतात आणि मग मध्ये विटा भरतात. बंदिस्त वीटकामात उलट करायचं. आधी दातेरी कडा ठेवून भिंत उभारायची, मग तिच्या कडांना छोटे खांब आणि वर पट्टा ओतायचा. भिंत आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. गवंड्याला हे जमण्यासारखं आहे आणि खर्चही आवाक्यात राहतो.

ही रीत आपल्याकडे निबंध वाचून आली नाही. जानेवारी २००८ मध्ये कानपूरला देशोदेशीचे जाणकार एका कार्यशाळेसाठी एकत्र बसले आणि बंदिस्त वीटकामाच्या प्रसाराचं जाळं तिथून विणलं गेलं. पुढे गांधीनगरच्या आयआयटीने पालजच्या आपल्या नव्या परिसरात वसतिगृहं आणि निवासस्थानं याच पद्धतीने बांधली. तिथे काम केलेले गवंडी ती रीत आता हाताने जाणतात.

नेपाळचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. १९९३ साली तिथे भूकंप तंत्रज्ञानाची राष्ट्रीय सोसायटी स्थापन झाली. त्या मंडळींनी जगभरातून शिकून घेतलं, गवंड्यांना प्रशिक्षण दिलं आणि काठमांडू खोऱ्यातल्या शाळांच्या इमारती एकेक करून मजबूत केल्या. २५ एप्रिल २०१५ ला मोठा भूकंप झाला. शनिवार होता, शाळांना सुट्टी होती. देशभर हजारो वर्गखोल्या पडल्या. खोऱ्यातल्या मजबूत केलेल्या शाळा मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या कित्येकांत लोकांनी आसरा घेतला.

माणसांना शिकायला बोलावण्याची ही परंपरा जपानने सर्वांत नेटाने चालवली. १९६० पासून तिथे विकसनशील देशांतल्या अभियंत्यांसाठी भूकंपशास्त्र आणि भूकंप अभियांत्रिकीचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो. १९६२ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, युनेस्कोने तिला हात दिला. ती आज त्सुकुबा इथे आहे. प्रवास, राहणं, शिकणं हा सगळा खर्च यजमान देश करतो. आपल्याला शिकायला बोलावलं जातं तेव्हा कुणीतरी आपलं भाडं भरलेलं असतं, हे विसरू नये.

आपल्या देशातही योजना आहेत. केंद्राच्या विज्ञान खात्याची परिषद-प्रवास मदत आहे, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची आहे. निबंध सादर करणाऱ्याला विमानभाडं, नोंदणी शुल्क, व्हिसाचा खर्च यांत मदत मिळते. या योजनांनी अनेकांना घडवलं, त्यांत मीही आहे. म्हणूनच त्यांतल्या उणिवा स्पष्ट सांगायचा मला हक्क आहे.

पहिली उणीव, आधी खर्च आणि मग भरपाई. माझं देयक मला अकरा महिन्यांनी मिळालं. मध्ये दोनदा फाईल परत आली, एकदा विमानाच्या तिकिटाचा मूळ तुकडा नाही म्हणून, एकदा विनिमय दराचा पुरावा नाही म्हणून. पतसंस्थेचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होते. ज्याच्या घरी पैसे आहेत त्याच्यासाठी ही पद्धत किरकोळ गैरसोय आहे. ज्याच्या घरी नाहीत, तो अर्जच करत नाही. आणि लहान गावातली, सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजांतली, भूकंपप्रवण तालुक्यांतली माणसं बहुतेक याच दुसऱ्या गटातली असतात.

दुसरी उणीव, अनुदान निबंधाला मिळतं, कामाला मिळत नाही. जिल्हा परिषदेचा शाखा अभियंता वर्षाला कितीतरी शाळाखोल्या, अंगणवाड्या, समाजमंदिरं बांधून घेतो. नगरपालिकेचा कनिष्ठ अभियंता रोज नकाशे मंजूर करतो. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. खाली वाहनतळासाठी मोकळा मजला, नुसते खांब, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, हे त्यांतल्या बऱ्याच इमारतींचं दुखणं होतं. असे नकाशे ज्याच्या टेबलावर येतात, त्याला परिषदेत बसवलं तर एक निबंध कमी होईल आणि शेकडो इमारती सुधारतील. पण तो निबंध लिहीत नाही, म्हणून तो कुठल्याच योजनेत बसत नाही.

तिसरी उणीव, परतल्यावर अहवाल मागितला जातो, शिकवणं मागितलं जात नाही. अहवाल आवक-जावकमधून फाईलीत जातो आणि तिथेच राहतो.

परतफेडीची अट घालावी का, याचा विचार करताना मला १९१३ साल आठवतं. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही, अस्पृश्यतेने त्यांना तिथून जायला भाग पाडलं. करार कागदावर पुरा झाला नाही. परतफेड मात्र त्यांनी साऱ्या देशाला केली. यातून मी दोन गोष्टी शिकलो. समाजाने होतकरू माणसाला जामीन राहिलंच पाहिजे. आणि परतून येणाऱ्याला उभं राहायला जागा देणं, ही जामीनदाराचीच जबाबदारी आहे. परतलेल्या अभियंत्याला नवं काही करू पाहिल्यावर "आपल्याकडे असं चालत नाही" म्हणून गप्प बसवलं, तर त्याचं भाडं वाया घालवणारे आपणच असतो.

आता माझं मागणं सांगतो. सरांच्या नावे एक फिरता निधी उभा करावा. त्यातून अनुदान द्यायचं नाही, उचल द्यायची. ज्याला कुठल्याही संस्थेचं अनुदान मंजूर झालं आहे आणि आधी खर्च करायला पैसे नाहीत, त्याला तिकिटाची आणि नोंदणीची रक्कम निधीने द्यावी. देयक मिळालं की त्याने ती परत करावी. व्याज नाही, जामीनदार नाही. दहा लाख रुपयांचा निधी असा वर्षानुवर्षं फिरत राहील. त्याशिवाय दर चार वर्षांनी एका शाखा अभियंत्याला किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला, निबंध असो वा नसो, निधीने देशातल्या वा परदेशातल्या भूकंप परिषदेला पाठवावं.

अट एकच असावी. परत आल्यापासून सहा महिन्यांत त्याने निदान सहा बांधकामांवर जाऊन, मराठीत, गवंड्यांसमोर, जे शिकला ते हाताने करून दाखवावं. आरपार दगड कसा लावायचा, सळईचा आकडा आत किती वळवायचा, पट्ट्याचा कोपरा कसा सांधायचा. निधी चालवणाऱ्या समितीच्या एका सदस्याने तिथे हजर राहावं. लिहून काही देऊ नये.

अध्यक्षमहोदय, या निधीसाठी माझ्या वाट्याची रक्कम मी आणली आहे. पतसंस्थेच्या त्या कर्जाइतकी ती आहे, रुपयाला रुपया. काकू, ती मी तुमच्या हातात देतो. पहिली उचल किल्लारीच्या परिसरात काम करणाऱ्या एखाद्या तरुण अभियंत्याला मिळावी, एवढी विनंती आहे. आणि तो परतला की चाकांचा पाट माझ्या घरी आहे, तो घेऊन मी त्याच्याबरोबर बांधकामावर येईन.